मागे उठता कामा नये

हल्ली एखादी ‘वेगळी’ लग्नपत्रिका आली की लोक ती वाचायच्या आधी तिच्यावरून अंगठा फिरवतात. अक्षरं कागदात रुतलेली लागली की समाधानाने मान हलवतात, मग पत्रिका उलटी करून मागे उठलेले वळ बघतात. माझ्या भाचीने एका मैत्रिणीची पत्रिका अशीच चाचपली आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की आपली पत्रिका लेटरप्रेसची, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून ती कागदावर दाबून छापलेलीच. याबद्दल घरात विचारायचं कुणाला, हा प्रश्न तिला पडलाच नाही. मामाने उभा जन्म प्रुफं वाचण्यात घालवलाय, तेव्हा मामा.

तिने फोटो दाखवला. मी म्हटलं, “अगं, हे असं छापलं असतं तर आमच्या वेळी मशीनवाल्याने शिव्या खाल्ल्या असत्या.” तिला वाटलं, मामा नेहमीसारखा खडूसपणा करतोय.

मी कामाला लागलो ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांमधून चालताना कुठल्या ना कुठल्या तळमजल्यावरून ट्रेडलचा, म्हणजे छोट्या छपाई मशीनचा, ठेका ऐकू यायचाच. त्या छापखान्यांमध्ये चांगल्या छपाईची व्याख्या सरळ होती. शाई कागदावर बसली पाहिजे आणि खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा, कागदाला नुसता टेकला पाहिजे. छापलेला कागद उजेडात तिरपा धरायचा, मागून बोट फिरवायचं, आणि बोटाला काही लागलं तर “मागे उठतंय” म्हणून मशीन थांबवायचं. त्याला कारणं होती. पुस्तकाचा कागद दोन्ही अंगांनी छापायचा असतो, पुढचा ठसा मागे उठला की मागचं पान वाचवत नाही. शिवाय खिळे. शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील अशा मिश्रणातून ओतलेला खिळा कडक म्हटला तरी किती कडक असणार? दाब वाढवला की कडा बोथट होतात, अक्षर सुजल्यासारखं दिसतं, आणि नवा टाइप, खिळ्यांचा अख्खा संच, घ्यायचा म्हणजे वजनावर पैसे मोजायचे. त्यामुळे कमीत कमी दाबात भरपूर काळं आणि सगळीकडे सारखं छापणं, हेच कसब. ज्या गोष्टीसाठी कारागीर बोलणी खायचा तीच आज आपण चढ्या भावाने मागून घेतो. त्याला ‘हातछपाईची ओळख’ म्हणतो ते वेगळंच.

भाचीला घेऊन मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात गेलो. नाव सांगत नाही, मालकांना आवडणार नाही. वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे, जुळारी, म्हणजे खिळे लावून मजकूर जुळवणारे, तेच, मशीनमन तेच आणि बिल लिहिणारेही तेच. त्यांच्याकडे दोन ट्रेडल आहेत. नाव ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं मशीन, पण पायटा जाऊन त्याच्या जागी मोटार आणि पट्टा येऊन कित्येक वर्षं झाली. छपाई त्यावर आता जवळजवळ होत नाही. बिलबुकांवर नंबर टाकायचे, फाडायला भोकांची रेघ मारायची, जाड कार्डाला घडी पडण्यासाठी क्रीझिंग करायचं, मिठाईच्या खोक्यांचं डाय-कटिंग करायचं. ऑफसेटवाल्यांना, म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या छपाईवाल्यांना, ही फुटकळ कामं परवडत नाहीत, म्हणून ट्रेडल जगलं. कलेच्या प्रेमापोटी कुणी त्याला जगवलेलं नाही.

भाचीने फोनवरचा फोटो पुढे केला. मालकांनी चष्मा वर सरकवून बघितला.

“ताई, हे उठलंय की हो मागे.”

“हो ना काका, तसंच हवंय.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

“माझ्या टाइपावर असला दाब मी देणार नाही,” ते म्हणाले. “खिळे गेले तर परत ओतून कोण देणार? तुम्ही ब्लॉक करून आणा, ब्लॉक कितीही दाबतो.”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. आज जी लेटरप्रेस पत्रिका म्हणून मिळते तिच्यात बहुतेक वेळा खिळे नसतातच. मजकूर संगणकावर जुळवतात, त्याची फोटोपॉलिमरची, म्हणजे उजेडाने कडक होणाऱ्या प्लॅस्टिकची, प्लेट काढतात, ती ठोकळ्यावर चिकटवून जुन्या मशीनवर छापतात. प्लेट झिजली तर दुसरी निघते, म्हणून वाटेल तसा दाब देता येतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, छपाई खरीच असते. पण जुळणी नसते, आणि माझ्या लेखी छापखान्यातलं निम्म्याहून जास्त काम जुळणीत होतं.

भाची हट्टी आणि मालक तिच्याहून. शेवटी तोड निघाली ती अशी. लाल रंगात गणपती आणि वधूवरांची नावं, ती प्लेटवरून, हवा तेवढा दाब देऊन. बाकीचा सगळा मजकूर काळ्यात, खिळ्यांनी हाताने जुळवलेला आणि मालकांच्या पद्धतीने छापलेला. दोन रंग म्हणजे तसाही कागद मशीनमधून दोनदा जाणार. प्रती शंभरेकच.

मराठी जुळणी ज्याने पाहिली नाही त्याला तिची कल्पना येणं अवघड आहे. इंग्रजी जुळाऱ्याला लहान-मोठी लिपी, आकडे आणि विरामचिन्हं एवढ्यावर भागतं. आपल्याकडे व्यंजनं, स्वर, काने, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, उकार जोडलेले ‘रु’ आणि ‘रू’, असे शेकडो निरनिराळे खिळे लागतात. त्यासाठी जुळाऱ्याच्या समोर आणि दोन्ही बाजूंना केस, म्हणजे खिळ्यांचे खणाखणांचे ट्रे, मांडलेल्या असतात आणि तो मध्ये उभा. काही टाइपांत मात्रा-अनुस्वार अक्षरासकट ओतलेले असत, त्याला अखंड म्हणायचे. दुसऱ्या पद्धतीत ते वेगळे लावावे लागत. अखंडात काम सुबक, पण खिळ्यांची संख्या वाढते. वेगळे लावले तर संख्या आवरते, पण हात जास्त चालतो. ‘केसरी’ चालवताना टिळकांनी टाइप सुटसुटीत करण्याची खटपट केली ती या पसाऱ्यापायीच, आणि सावरकरांनी सुचवलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अि’ आणि ‘उ’ऐवजी ‘अु’, तिलाही छपाईच्या सोयीचं मोठं कारण होतं. ज्याने हा पसारा आवरण्यापेक्षा तो देखणा करायचं मनावर घेतलं तो माणूस म्हणजे जावजी दादाजी. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागलेला हा मुलगा, पुढे त्याने खिळे ओतायची स्वतःची फौंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. मराठी-संस्कृत अक्षराचं जे वळण आपल्या डोळ्यांत ‘पुस्तकातलं अक्षर’ म्हणून बसलंय, ते बरंचसं निर्णयसागरचं.

मालकांकडे दोनच मापाचे टाइप उरलेत. बाकीचे भंगारात किलोवर गेले. ते कधी आणि काय भावाने गेले हे मी विचारलं नाही.

त्यांनी डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, धरली आणि ‘चि. सौ. कां.’ जुळवायला घेतलं. खिळ्याच्या अंगाला एका बाजूने खाच असते, ती बोटाला लागली की अक्षर सुलटं आहे की उलटं ते न बघता कळतं. ‘चि’ झाला, टिंब झालं. मग ‘स’, आणि त्याला काना-दोन-मात्रा. या मात्रांची टोकं खिळ्याच्या अंगाबाहेर आलेली असतात आणि शेजारच्या ‘स’च्या खांद्यावर टेकतात. खाली स्वतःचं अंग नाही, नुसती अधांतरी धातूची काडी. तुटते ती इथेच. मालकांनी पहिला खिळा उचलून नखाने चाचपला आणि बाजूच्या डब्यात टाकला. दुसरा तसाच. तिसऱ्याच्या मात्रा शाबूत होत्या. भाचीने तो टाकलेला खिळा उचलून बघितला तर एक मात्रा अर्ध्यात मोडलेली. “एवढंसं कुणाला दिसणारे?” ती म्हणाली. मालक म्हणाले, “सौ ची सो होईल.” आणि पुढच्या अक्षराला लागले.

हाताने जुळवलेलं मराठी ओळखायची एक खूण सांगतो, अंगठा फिरवण्यापेक्षा ती भरवशाची आहे. शिरोरेखा बघा. संगणकावर ती शब्दभर सलग जाते. खिळ्यांत प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्याला भिडवून उभं राहतं. टाइप नवा असेल तर सांधा दिसत नाही. वापरून कोपरे झिजले की रेघेत केसाएवढ्या फटी पडतात. चांगला जुळारी त्या फटी अगदी कमी करतो, पण घालवू शकत नाही.

कागदाच्या बाबतीत मात्र मी भाचीच्या बाजूचा. नेहमीचं गुळगुळीत, सोनेरी कडांचं, अत्तर शिंपडलेलं कार्ड तिला नको होतं. आम्ही हातकागद घेतला. पुण्यात हातकागदासाठी वणवण करावी लागत नाही. शिवाजीनगरला के. बी. जोशींनी १९४० साली सुरू केलेली हातकागद संस्था आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून कसब्यातल्या कागदीपुऱ्यात कागद होत होता. जुन्नरचा कागद तर पेशवे दफ्तरात गठ्ठ्यांनी पडलाय. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हा कागद मऊ, शाई छान पितो, दाब दिला तर ठसाही सुरेख घेतो. मालकांची तक्रार वेगळी होती. “एक कागद जाड, एक पातळ. मी दाब कुठल्यावर लावू?” त्यांनी बसून सगळे कागद बोटांनी चाचपून दोन ढीग केले, आणि छापताना दुसऱ्या ढिगासाठी मशीनच्या पाठीचं पॅकिंग, म्हणजे छापायच्या कागदामागचे थर, बदललं.

आता मजकूर. इथे खरा तमाशा झाला.

भाचीला हव्या होत्या चार-सहा ओळी. कोण, कुणाशी, कधी, कुठे, या. तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, हवी होती पत्रिका. वर श्री गजानन प्रसन्न, त्याखाली कुलस्वामिनी, मग सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आमचे येथे श्रीकृपेकरून, मग आजी-आजोबांच्या नावासकट नात, पौत्र, ज्येष्ठ चिरंजीव, मिती, शके, मुहूर्त, आणि शेवटी निमंत्रकांची फौज. जुन्या छापखान्यांत यासाठी मजकुराचे ठरीव नमुने असायचे, गिऱ्हाइकाने नमुना पसंत करायचा आणि नावं-तारखा बदलायच्या. लग्नसराईत तोच फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर, जरा उसवून पुन्हा बांधला जायचा, कालच्या जोशांच्या जागी आजचे कुलकर्णी. आपल्याला जो मजकूर परंपरेचा वाटतो त्यातला बराचसा असाच, पुन्हा नव्याने जुळवायला नको म्हणून टिकला असावा असा माझा आपला एक कयास आहे. ताईपुढे तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

“नाना काकांचं नाव नाही घातलं तर ते मांडवात पाय ठेवतील का?” ताईने विचारलं.

“आई, कार्डावर जागा नाहीये.”

“मग मोठं कार्ड घे.”

मालक निमूटपणे ऐकत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि निमंत्रकांच्या यादीतले ‘श्री.’ आणि ‘सौ.’ मोजले. “वहिनी, एवढे श्री माझ्या केसमध्ये नाहीत. अर्धी नावं आज छापू, ती सोडवून उरलेली परवा.” ताई गप्प बसली. तिला मी, दाजींनी, कुणी आजवर गप्प बसवू शकलेलं नाही. निर्णय असा झाला, की हातकागदाच्या पत्रिकेवर फक्त दोन्हीकडच्या आई-वडिलांची नावं. नाना काकांसकट समस्त परिवाराची पत्रिका ऑफसेटवर वेगळी, आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवर. ती पत्रिका अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानातून दोन दिवसांत आली. गणपती सोनेरी, मजकूर भरगच्च, आणि ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आर्शिवाद’ असा. मी ती परत पाठवली.

हा शब्द पत्रिकांवर इतक्या वेळा चुकतो की आता चुकीचाच ओळखीचा वाटतो. खिळ्यांच्या काळात चुका होत नव्हत्या असं मुळीच नाही, ढिगाने होत. पण त्या काढायला माणसं नेमलेली असत. जुळाऱ्याचं शुद्धलेखन बहुतेकदा मास्तरांच्या तोडीचं असायचं, त्याच्या हाताखालून जाताना निम्म्या चुका तिथेच मरायच्या. मग गॅलीवरून, म्हणजे जुळवलेला मजकूर ठेवायच्या तबकावरून, काढलेलं ओलं प्रूफ आमच्याकडे यायचं, दुरुस्त होऊन दुसरं यायचं. श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर पुण्यात झालं, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं भारतीय लिप्यांचं काम पुण्यात झालं, संगणकावर मराठी उमटवण्यात या शहराचा मोठा वाटा आहे आणि त्याचा मला अभिमानच आहे. मात्र अक्षर जुळवणं सोपं झालं त्याबरोबर तपासणारा माणूस खर्चातून वजा झाला. त्याचं बिल पत्रिकांवर फाटतं.

मालकांनी जुळवलेलं प्रूफ माझ्याकडे आलं तेव्हा मी जुन्या सवयीने मुहूर्ताची मिनिटं पंचांगाशी ताडून पाहिली, वार आणि तारीख कॅलेंडरशी. एकच चूक निघाली, ‘कार्यालय’च्या पुढचं पूर्णविरामाचं टिंब जास्तीचं. मालक म्हणाले, “ते मी पाहिलं होतं, तुम्ही पाहता का ते बघत होतो.” मी विश्वास ठेवला नाही. पण हेही खरं, की ते प्रूफ बघतच नव्हते. चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळलेला फर्मा समोर ठेवून थेट धातूवरून, उलट्या अक्षरांत, माझ्या पुढे वाचत होते.

आधी लाल छापायचं होतं. गणपतीसाठी मालकांनी ड्रॉवरमधले जुने जस्ताचे ब्लॉक दाखवले. केळीचे खांब, सनई-चौघडा, मंगलकलश, हात जोडलेली जोडपी, आणि सोंडेच्या वळणावळणाने वेगळे सात-आठ गणपती. त्यातला एक भाचीला आवडला, तोच स्कॅन करून प्लेटमध्ये घेतला. ठशांचं हे प्रकरण पुण्यात छापखान्यांपेक्षा जुनं आहे. नाना फडणवीसांनी तांबटाकडून गीतेचे तांब्याचे ठसे कोरून घ्यायला सुरुवात केली होती. ते काम पुण्यात तडीस गेलं नाही, पुढे पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेला गेलं आणि १८०५ साली तिथे गीता छापून झाली. मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मिरजेला? मग पुण्यातल्याने वेळ दिला नसेल.”

ट्रेडलसमोर उभं राहणं हे जबड्यासमोर उभं राहणं आहे. वर गोल तबकडीवर शाई, प्रत्येक फेऱ्याला तबकडी जराशी फिरते, रूळ तिच्यावरून खाली उतरून फर्म्यावर शाई लावतात आणि वर जातात. तेवढ्यात उजव्या हाताने कोरा कागद पिनांना भिडवायचा, डाव्या हाताने छापलेला उचलायचा, आणि जबडा मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. कागद तिरका बसला तर हात घालून सरळ करायचा नाही, दांडा ओढून तो फेरा फुकट घालवायचा. सराईत माणूस तासाला हजाराच्या आसपास कागद काढतो. हातकागदाला घाई चालत नाही, त्यामुळे मालकांनी मशीन हळू लावलं होतं. लाल छाप भाचीच्या मनासारखा उठला. तिने अंगठा फिरवला, कागद उलटून वळ बघितले, फोटो काढले. मालकांनी ते कागद वाळत घातले आणि वर काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काळं. पहिल्या कागदावर ‘मंगल’ जरा फिकट आलं. मालकांनी टिश्यू कागदाचा नखाएवढा कपटा फाडला आणि पॅकिंगमध्ये नेमका त्या शब्दाच्या मागे चिकटवला. मग ‘शके’च्या मागे अर्धा कपटा. मग रूळ थोडे वर घेतले. असं करत करत एक कागद असा निघाला की मजकूर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखा काळा, आणि मागे बोट फिरवलं तर फक्त लाल नावांचे वळ लागत होते. काळं कुठेच लागत नव्हतं. मालकांनी तो कागद आधी मला दिला, भाचीला नाही.

पूर्वी पत्रिकेच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असायचं. भाची म्हणाली, “काका, तुमचं नाव घाला ना. लोक विचारतील.” मालकांनी मान हलवली. “हे लाल माझं नाही. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला दाब कळत नाही.” तिने बरंच समजावलं, की लोकांना तेच तर आवडणार आहे. ते काही त्यांच्या पचनी पडलं नाही. शेवटी त्यांनी नाव घातलं, पण तळाशी नाही. काळ्या मजकुराची शेवटची ओळ संपते तिला लागून, सर्वांत लहान टाइपात, जेणेकरून कुठल्या छपाईची जबाबदारी कुणाची हे स्पष्ट राहावं.

पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवली, बाकीच्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं आणि त्या वाटल्या गेल्या. सगळ्यांनी लालवरून अंगठा फिरवला. नाना काकांना ऑफसेटची पत्रिका मिळाली, तीत त्यांचं नाव आहे, ते खूश आहेत. भाचीच्या सासरी धाकट्या पुतण्याची मुंज वैशाखात आहे, त्यांना अशाच पत्रिका हव्यात म्हणून त्यांनी मालकांना फोन केला. मालक म्हणाले, छापून देतो, पण सगळं काळ्यातच आणि माझ्या पद्धतीने. सासरचे म्हणालेत, घरी विचारून कळवतो.